वरच्या मजल्यावरचं माहेर

किस्से साठतात ते श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांसारखे. मुद्दाम कोणी जमवत नाही, पण टाकवतही नाहीत, आणि एक दिवस फडताळ उघडलं की सगळे एकदम अंगावर येतात! आम्हा मित्रमंडळींचं तसंच झालंय. दिल्लीत मुनिरक्याच्या गल्लीत भाड्याने राहत होतो तोवर सांगण्यासारखं एक घडलं नाही. सकाळी पाण्याची मोटर, मग मेट्रो, मग गुडगाव, संध्याकाळी परत मुनिरका. शेजारच्या खोलीत कोण राहतं हे मला तो माणूस खोली सोडून निघाला तेव्हा कळलं.

मग आमच्या कंपनीने गुडगावच्या ऑफिसचा मजला सोडून दिला. कंपनी हॉस्पिटलांच्या बिलांचं सॉफ्टवेअर बनवते, त्यामुळे काम कुठूनही करता येतं. तसा मेलच आला, आणि आम्ही चार मराठी टाळकी महिन्याभरात चार दिशांना पांगलो. दिल्लीच्या आसपास, पण दिल्लीत नाही. भाडं निम्म्याहून कमी, घर दुप्पट, आणि वर गच्ची!

मी सुहास, मूळचा मिरजेचा. बायको वृंदाबरोबर रोहतकला गेलो. निखिल लातूरचा, तो रेवाडीला. रेहाना परभणीची, ती आईला घेऊन मेरठला. चौथा केदार. तो दिल्लीतच, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेला. तो गेला अलवरला. महिन्यातून एका रविवारी आम्ही केदारच्या आईकडे, म्हणजे काकूंकडे, सरोजिनी नगरला जमतो. मी रेवडी नेतो, रेहाना नानखटाई आणते, केदार मिल्क केक, निखिल बर्फी. काकू म्हणतात, "कामं करता का मिठाईची दुकानं टाकलीत रे?" आणि मग पोह्यांच्या बशांबरोबर किस्से निघतात.

०००

पहिला मान निखिलचा.

रेवाडीचे त्याचे घरमालक यादवजी. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "नौकरी कहाँ है?"

"जी, घर से."

यादवजींनी बायकोकडे पाहिलं. "अच्छा. मतलब अभी नहीं है."

निखिलने लॅपटॉप उघडून दाखवला, मीटिंग म्हणजे काय ते सांगितलं, पगार बँकेत येतो तेही सांगितलं. यादवजी मान डोलवत म्हणाले, "हाँ हाँ बेटा, कंप्यूटर तो हमारे लड़के के पास भी है. वो भी कुछ नहीं करता."

आठवड्यात गल्लीभर झालं की वरचा भाडेकरू बेकार आहे. भाजीवाली त्याला कोथिंबीर फुकट देऊ लागली, तीही जुडी मोठी. यादवजींचे मेहुणे खास भेटायला आले. गोदामावर पहारेकऱ्याची जागा होती. "वर्दी मिलेगी. बैठने की ड्यूटी है. आप तो वैसे भी बैठे ही रहते हो!"

शेवटी निखिलने उपाय काढला. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, गळ्यात जुन्या ऑफिसचं कार्ड, पाठीवर बॅग. यादवजींना नमस्कार करून फाटकाबाहेर. कोपऱ्यावर चहा, आणि परत त्याच फाटकातून आत येऊन वर खोलीत काम सुरू! तिसऱ्या दिवशी यादवजींनी गल्लीत लाडू वाटले. किरायेदार की नौकरी लग गई!

निखिलला राहवेना. म्हणाला, "अंकल, मैं तो चाय पीकर वापस आ जाता हूँ. आप रोज देखते हैं."

यादवजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बेटा, आदमी घर से निकलता हुआ दिखना चाहिए. लौटता हुआ कौन देखता है?"

०००

रेहानाचं मेरठचं घर क्रिकेटच्या बॅटींच्या कारखान्यावर आहे. खाली बॅटी बनतात आणि वर रेहाना सॉफ्टवेअर तपासते. नवीन बॅट तयार झाली की ती हातोड्याने ठोकून पक्की करतात. ठक, ठक, ठक, दिवसभर! रेहानाची आई म्हणते, आधी डोकं दुखायचं, आता रविवारी शांतता असली की दुखतं.

एकदा रेहाना इंग्लंडच्या क्लायंटशी बोलत होती. साहेब कडक. त्याला आमच्या सॉफ्टवेअरमध्ये इतक्या चुका सापडल्या होत्या की रेहाना नुसती "येस, येस" करत होती. तेवढ्यात खालून ठक-ठक सुरू झालं. साहेब थांबला. हा काय आवाज आहे?

रेहाना घाबरली. खरं बोलावं की खोटं? शेवटी म्हणाली, "सॉरी, खाली क्रिकेटच्या बॅटी बनतायत."

मग साहेबाने विचारलं, "दाखवता येईल?"

रेहाना लॅपटॉप हातात घेऊन जिना उतरली. कारखान्याचे मालक चौधरी साहेब बनियनवर होते, त्यांनी पटकन कोणाचा तरी शर्ट चढवला. मग काय विचारता! लाकूड कुठलं, किती वाळवायचं, मूठ कशी बसवायची, साहेब विचारतोय, चौधरी सांगतायत, रेहाना मधे उभी राहून भाषांतर करतेय. चुकांची यादी राहिली बाजूला. फोन ठेवताना साहेब म्हणाला, उरलेलं पुढच्या आठवड्यात बोलू.

पुढच्या आठवड्यात मीटिंगला साहेब आला तो आणखी चौघांना घेऊन. त्यांच्यात एक त्याचा साहेब आणि एक त्याचे सासरे! आणि खाली चौधरी साहेब नव्या कोऱ्या सफारीत, केसांना तेल लावून जिन्याकडे डोळे लावून बसलेले. आता ते दर सोमवारी रेहानाला हाक मारतात, "बिटिया, इस हफ्ते मीटिंग है ना? न हो तो रख लो!"

०००

आता माझं घर. दलालाने फोनवर सांगितलं होतं, "संतोष से मिल लेना, मकान उन्हीं का है." मिरजेत माझे संतोष नावाचे तीन मित्र आहेत, तिघांनाही मिशा. मी रोहतकला फाटकासमोर उभा राहून "संतोषभाई, संतोषभाई" म्हणून हाका मारत होतो. आतून एक उंच बाई आल्या, डोक्यावर ओढणी, हाताला पीठ.

"मैं ही सूँ संतोष. भाई किसनै बोलै सै?"

वृंदा फाटकाला धरून हसत सुटली. संतोषदीदीही हसल्या, आणि त्या हसण्यातच घर ठरलं. भाड्याचं बोलायचं सगळे विसरले, ते दुसऱ्या दिवशी बोलले. दीदींचे यजमान दलबीरजी दिवसभर शेतावर असतात. मुलगी मोनिका कॉलेज संपवून घरी. आम्ही वरच्या मजल्यावर. वृंदाला जवळच्या शाळेत नोकरी मिळाली, तिची पोरं तिला वाटेत "मॅडमजी नमस्ते" म्हणतात आणि ती मिरजेत कधी चालली नसेल इतक्या ऐटीत चालते!

दीदींना बेल वाजवणं माहीत नाही. दार उघडं असेल तर आत, लोटलेलं असेल तर लोटून आत. हातात कधी तुपाची वाटी, कधी मोहरीच्या पाल्याचं साग. एकदा अशाच आल्या तेव्हा टीमची मीटिंग चालू होती. दीदी थेट माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या, स्क्रीनवरच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "राम-राम सबनै! रोटी खा ली?"

निखिल म्हणाला, खाल्ली. रेहाना म्हणाली, खाल्ली. बंगलोरचा एक पोरगा गोंधळून "थँक यू" म्हणाला. मग दीदींचं बोट आमच्या साहेबांच्या चौकोनावर गेलं.

साहेबांबद्दल सांगायला हवं. कुमार सर. कामाला पक्के, बोलणार फक्त इंग्रजी, आणि त्यांचा कॅमेरा आम्ही कधीच चालू पाहिला नाही. चेहऱ्याच्या जागी गुडगावच्या एका काचेच्या उंच इमारतीचा फोटो. सगळ्यांना माहीत होतं की सर त्याच इमारतीत कुठेतरी चोविसाव्या की पंचविसाव्या मजल्यावर राहतात. आमची कोणाची चूक झाली की इमारतीतून आवाज यायचा, "गाईज, डिसिप्लिन!"

दीदी म्हणाल्या, "यो बिल्डिंग क्यूँ बोलै सै?"

मी कानात सांगितलं, "दीदी, वो हमारे साहब हैं."

"तो मुँह क्यूँ ना दिखाता? शरम आवै सै के?"

माझं पाणी पाणी झालं! आता नोकरी गेली असं वाटलं. निखिलने तोंडावर रुमाल धरला होता. मग इमारतीतून अगदी हळू आवाज आला.

"राम-राम जी."

सरांच्या तोंडून आम्ही ऐकलेले पहिले बिनइंग्रजी शब्द!

०००

सरांवरूनच म्हशीचा किस्सा. हा निखिलच्या जिव्हारी लागलेला आहे, म्हणून तर आम्ही तो दर भेटीत काढतो.

बंगलोरच्या पोराचा वाढदिवस होता. टाळ्या वाजवायच्या म्हणून सगळ्यांनी माइक चालू केलेले. गाणं संपतं न संपतं तोच कुठूनतरी जोरात म्हैस ओरडली. साधंसुधं नाही, चारा मिळायला उशीर झाला की ओरडते तसं, लांबलचक!

सर कडाडले, "निखिल! प्लीज म्यूट युअर बफेलो!"

निखिल चाट पडला. "सर, मेरे यहाँ भैंस नहीं है."

"यू आर इन रेवाडी, नो?"

"येस सर."

"सो?"

निखिलने बिचाऱ्याने खिडकी उघडून लॅपटॉप गल्लीकडे धरला. मोबाइल दुरुस्तीचं दुकान, दोन स्कूटर, आणि कोथिंबीरवाली, जिने कॅमेऱ्याकडे पाहून हात हलवला. म्हशीचा पत्ता नाही. सर म्हणाले, "इट मस्ट हॅव गॉन."

त्या दिवसापासून निखिलचं नाव "म्हैसवाले". काकू त्याला चहा देताना हमखास म्हणतात, "तुला आवडतोय का बघ हो, तुझ्याकडे काय घरचं दूध." आणि निखिल कप ठेवून ओरडतो, "काकू, देवाशपथ सांगतो, ती म्हैस माझी नव्हती!" आम्ही कोणीच विश्वास ठेवत नाही. रेवाडीत राहून म्हैस नाही, असं कसं होईल?

०००

केदारचं तर उलटंच झालं. तो अलवरला जायला निघाला तेव्हा घरात सुतक पडल्यासारखं झालं. त्याचे बाबा सरकारी नोकरीत, त्यांना दिल्ली सोडून कोणी खुशीने जातं हेच पटेना. "लोक अलवरहून दिल्लीला येतात. तू उलटा निघालास?"

केदारचं मराठी दिल्लीचं आहे. तो म्हणाला, "बाबा, बिल्कुल टेन्शन नका घेऊ यार. मला फक्त एक खोली पाहिजे, जिथे कपाट उघडायला खाट नाही हलवावी लागणार."

दोन महिन्यांनी काकू त्याचं कसं चाललंय बघायला दोन दिवसांसाठी अलवरला गेल्या. पहिल्या संध्याकाळी शेजारच्या बायकांबरोबर टेकडीच्या बाजूला फिरायला गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना चकली शिकवायला बसल्या. तिसऱ्या दिवशी केदारला ऑफिसच्या कामासाठी दिल्लीला यावं लागलं, तर काकू म्हणाल्या, "तू जा, मी राहते मागे." आठवडा झाला, दुसरा झाला. केदार दिल्लीत बाबांबरोबर खिचडी खातोय आणि काकू अलवरला!

शेवटी बाबा म्हणाले, "केदार, विचार तरी, तुझी आई परत कधी येणार आहे?"

"विचारलं मी."

"मग? काय म्हणाली?"

"म्हणाली, इथे चांगली हवा आहे, तीन खोल्या आहेत. त्यांना सांग, राहायचं असेल तर या, पण आल्यावर कपडे स्वतःचे स्वतः वाळत घालायचे."

बाबा गेले! शनिवारच्या पहिल्या बसने गेले. आणि आता आमचा रविवार सोडला तर दर शुक्रवारी दोघंही सामान बांधून बसतात. केदार म्हणतो, "मी घर सोडून गेलो होतो ना? ते माझ्या मागे का आलं यार?"

०००

हे सगळं असं मजेत चाललं असताना मेल आला. कंपनीने गुडगावला पुन्हा ऑफिस घेतलंय, पुढच्या महिन्यापासून सगळ्यांनी रोज हजर राहायचं. ज्याला जमणार नसेल त्याने सोमवारच्या मीटिंगमध्ये कुमार सरांना कारण सांगायचं. घरच्या माणसाचं कारण असेल तरच सवलत मिळेल. हवा चांगली आहे, घर मोठं आहे, ही कारणं चालणार नाहीत.

त्या रविवारी काकूंकडे पोहे तसेच राहिले. रेहाना म्हणाली, "आई पहिल्यांदा शेजारणींकडे जायला लागलीये. तिला परत मुनिरक्याच्या खोलीत कसं बंद करू?" मला तर रडूच यायचं बाकी होतं. वृंदाची शाळा, ती गच्ची, आणि खाली दीदी. रोज गुडगाव गाठायचं म्हणजे रोहतक सोडायलाच हवं होतं.

दुसरं कारणही होतं. मोनिकाचं लग्न ठरलं होतं, आणि तारीख नेमकी आम्ही जाणार त्यानंतरची. घर रंगवून झालं होतं, अंगणात गव्हाची पोती येऊन पडली होती, पण दीदी काही खुलत नव्हत्या. वृंदाने खोदून विचारलं तेव्हा कळलं. त्या भागात मुलीच्या लग्नात मामाचा मोठा मान असतो. मामा वाजतगाजत भात घेऊन येतो. भात म्हणजे तांदूळ नव्हे, बहिणीच्या घरच्यांसाठी कपडे, दागिने, सगळा आहेर. त्याआधी बहिणीने रीतीप्रमाणे बायकांना घेऊन, गाणी म्हणत भावाच्या घरी जायचं आणि त्याला गूळ देऊन आमंत्रण करायचं, याला तिथे भात न्योतणं म्हणतात.

"अर मेरा तो कोई भाई ना सै," दीदी म्हणाल्या. "किसके घर जाऊँ?"

मी त्यांना बरं वाटावं म्हणून सांगितलं की आमच्याकडे भाऊबीजेला जिला भाऊ नसतो ती चंद्राला ओवाळते.

दीदींनी माझ्याकडे बघितलं. "चाँद भात ले कै आवैगा के?"

मला बहीण नाही. लहानपणी भाऊबीजेला आम्ही दोघे भाऊ पाटावर बसायचो आणि आईच ओवाळायची, आणि मला ते कायम थोडं कमीच वाटायचं. हे मी दीदींना सांगितलं, आणि मग मेलचंही सांगितलं. पुढच्या महिन्यात घर सोडावं लागेल बहुतेक. सोमवारी मीटिंग आहे.

दीदींनी पोतं बांधता बांधता एवढंच विचारलं, "मीटिंग कितणे बजे सै?"

०००

सोमवारी वृंदा शाळेत गेली नाही. म्हणाली, डोकं दुखतंय. पण डोकं दुखणाऱ्या बाईने मला इस्त्रीचा नवा शर्ट काढून का द्यावा आणि पुढची खोली दोनदा का झाडावी, हे मला तेव्हा सुचलं नाही. मी आपला घसा खाकरत लॅपटॉपसमोर बसलो.

सर अगदी कडक आवाजात सुरू झाले. मी स्वतः गुडगावला बसून काम करतो, मग तुम्हाला काय अडचण आहे? डिसिप्लिन म्हणजे डिसिप्लिन. एकेकाने सांगा, तिथे तुमचं कोण आहे?

केदारने सांगितलं, आई-बाबा शनिवार-रविवारी अलवरला असतात. सर म्हणाले, त्यांना दिल्लीत सरकारी घर आहे. रेहानाने आईचं सांगितलं. सर म्हणाले, आई तर तुमच्याबरोबर कुठेही येईल. निखिलची पाळी आली.

"सर, यादवजी हैं. मकान मालिक."

"निखिल, लँडलॉर्ड इज नॉट फॅमिली. नेक्स्ट. सुहास? हू डू यू हॅव इन रोहतक?"

"सर, वैसे तो..." म्हणून मी थांबलो, आणि तेवढ्यात खालून ढोलकीचा आवाज आला.

मी खिडकीतून पाहिलं. दीदी स्वतःच्या फाटकातून बाहेर पडत होत्या. लाल ओढणी, डोक्यावर परात, मागे गल्लीतल्या सगळ्या बायका गाणी म्हणत. मोनिका ढोलकी वाजवत होती. मिरवणूक कोपऱ्यापर्यंत गेली, मंदिराला वळसा घातला, आणि गात गात परत आली. परत त्याच फाटकातून आत! फक्त आता खालच्या दाराकडे न वळता सगळ्याजणी आमचा जिना चढू लागल्या.

"सुहास? व्हॉट इज दॅट नॉइज?"

मी उत्तर देईपर्यंत खोली भरली. वृंदा दारात ओवाळायचं तबक घेऊन उभी, तिचं डोकं अगदी छान होतं. दीदींनी परात खाली ठेवली. माझ्या कपाळाला हळदीचा टिळा लावला, त्यावर तांदूळ लावले, आणि गुळाची मोठी ढेप माझ्या दोन्ही हातांत दिली. मला काही दिसेना, डोळे भरून आले होते. गाणं थांबलं.

मग दीदी लॅपटॉपकडे वळल्या. सरळ त्या इमारतीकडे बघून, हात जोडून म्हणाल्या, "साहब जी, यो मेरा भाई सै. मेरी छोरी का भात यो ल्यावैगा. यो इसका घर सै, मैं आड़ै इसनै न्योतण आई सूँ. इब बताओ, कित भेजोगे इसनै?"

मला कुठे पाठवणार, याचं उत्तर आता सरांनी द्यायचं होतं. केदारने कॅमेऱ्यासमोरच डोळे पुसले. रेहानाच्या मागून तिची आई वाकून बघत होती. मी ढेप धरून तसाच खुर्चीत बसलेलो, आणि सरांच्या चौकोनात तीच ती गुडगावची इमारत.

मग इमारत गेली.

पहिल्यांदाच सरांचा कॅमेरा चालू झाला. खांद्यावर पंचा, अंगात बनियन, दोन्ही हात जोडलेले आणि सर उभे! इंग्रजीचा मागमूस नाही.

"अरै सुहास! बैठ्या के सै? खड़ा हो, बावळे! बाहण भात न्योतण आई सै!"

मी ताडकन उभा राहिलो. सरांच्या मागे शेणाने सारवलेलं अंगण होतं, कडुनिंबाचं झाड होतं, आणि झाडाला बांधलेली एक धिप्पाड काळी म्हैस मान वळवून कॅमेऱ्याकडे बघत होती. बघता बघता तिने तोंड उघडलं आणि ती ओरडली. लांबलचक.

मग रेवाडीहून निखिलचा आवाज आला, अगदी नम्र.

"सर, प्लीज म्यूट युअर बफेलो."